वय सतरा, लिव्हरवर ११ सेंमीची गाठ आणि एएफपी नॉर्मल: फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा

सेलूकर_मामा | रविवार, रात्री १०.४०

लांब लिहिणार आहे. घरातल्या बारा ते पस्तीस वयाच्या कुणाच्या सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ निघाली असेल, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

माझी भाची सतरा वर्षांची. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून बहिणीनं तिला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवलं. मागच्या आषाढात तिचा फोन आला, "मामा, जेवलं की उजव्या बरगडीखाली जड लागायलंय." मेसचं तेलकट जेवण, रात्रीची जागरणं, दर रविवारची टेस्ट. कारणं आम्हीच शोधून दिली. तिथल्या डॉक्टरांनीही पित्त म्हणून गोळ्या दिल्या, त्या तीन महिने चालल्या. दिवाळीला घरी आली तर ड्रेस अंगात ढगळ व्हायला लागला होता. अभ्यंगस्नानाला पोटावर तेल लावताना बहिणीचा हात थांबला. "दादा, इथं कडक लागतंय," म्हणाली.

सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात ११ सेंमीची गाठ. पहिल्या ठिकाणी 'लिव्हरचा फोड' म्हणून दहा दिवस अँटिबायोटिक दिलं. लेकराला एकही दिवस ताप नव्हता, हे आम्ही सांगत होतो. दुसऱ्या ठिकाणी हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या जंताच्या गाठीची शंका काढली. घरी शेळ्या-कुत्री आहेत का विचारलं, रक्त तपासलं, ते निगेटिव्ह आलं. मग कॅन्सरच्या तपासण्या झाल्या. हिपॅटायटिस बी नाही, सी नाही, बिलिरुबिन नॉर्मल आणि एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन (लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये रक्तात बरेचदा वाढणारं प्रथिन), अगदी नॉर्मल. "लिव्हर चांगलं आहे, एएफपी वाढलेलं नाही, म्हणजे कॅन्सर नाही," असं आम्हाला स्पष्ट सांगण्यात आलं. त्या संध्याकाळी बहिणीनं मारुतीला नारळ फोडला आणि गल्लीत पेढे वाटले.

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात गाठीच्या मध्यभागी व्रण आणि थोडं कॅल्सिफिकेशन (चुन्यासारखा साठा) आहे असं लिहिलं होतं. शेवटी मत होतं: फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया, म्हणजे निरुपद्रवी गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. भाचीनं तो रिपोर्ट स्वतः वाचला. वरून तिसऱ्या ओळीत पोर्टाजवळच्या, म्हणजे लिव्हरमध्ये रक्तवाहिन्या शिरतात तिथल्या, लिम्फ नोड (लसीका ग्रंथी) वाढल्याचं लिहिलं होतं. ती म्हणाली, "मामा, गाठ साधी असेल तर लिम्फ नोड कशाला वाढतील?"

त्या एका प्रश्नामुळं आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथल्या पोटविकार तज्ज्ञांनी सीटीची सीडी लावून वीस मिनिटं बघितली आणि म्हणाले, "ही गाठ कुठंही सुई न घालता आधी लिव्हरची शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमला दाखवा." लिव्हरसाठीचं खास कॉन्ट्रास्ट वापरून एमआरआय केला आणि देवगिरीनं मुंबई गाठली. परळला निदान पक्कं झालं: फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा. लिव्हरच्या सगळ्या कॅन्सरमध्ये साधारण शंभरात एखादा. हा तरुणांना होतो, मुलींना आणि मुलांना सारखाच. दारू, हिपॅटायटिस, सिरोसिस यांच्याशी त्याचा संबंध सापडत नाही. आणि त्यात एएफपी बहुतेक वेळा नॉर्मलच असतं!

म्हणजे ज्या रिपोर्टवर आम्ही पेढे वाटले, तो रिपोर्ट या आजाराबद्दल काहीच सांगत नव्हता. एवढं सांगायलाच हा धागा काढलाय. पुढचं उद्या लिहितो.

पूर्णाकाठ | रविवार, रात्री ११.१५

दादा, वाचून हात थरथरले. भाची आता कशी आहे, तेवढं आधी सांगा.

सेलूकर_मामा | रविवार, रात्री ११.२२

ताई, घरी आहे. जानेवारीत ऑपरेशन झालं. आज दोन भाकरी खाल्ल्या.

लातूरची_आई | सोमवार, सकाळी ७.०५

माझी दोन्ही लेकरं इथंच क्लासला आहेत आणि दोघांचंही पोट दुखतं. लातूरमध्ये कोणत्या लेकराचं दुखत नाही? सगळ्यांची सोनोग्राफी करायची का? रात्री झोप लागली नाही.

डॉ_सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी २.३०

मी अंबाजोगाईकडचा, पॅथॉलॉजिस्ट आहे. ताई, आधी तुमच्यासाठी. हा आजार फार दुर्मिळ आहे. पोटदुखी म्हटलं की जवळजवळ सगळ्याच लेकरांना दुसरंच काही असतं. पण एकाच जागी, उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर सतत जडपणा, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, कारण नसताना वजन घटणं, हाताला कडक लागणं, कावीळ, यातलं काही असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, खर्चही फार नाही. तीन-चार आठवड्यांच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर तीच गोळी पुढं चालू ठेवू नये.

आता मूळ विषय. १९५६ साली एडमंडसन यांनी १४ वर्षांच्या एका मुलीच्या लिव्हरमधल्या अशा गाठीचं पहिलं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार एकदा बघितला की विसरत नाही. मोठ्या, गुलाबी, दाणेदार पेशी, प्रत्येकीत ठसठशीत न्यूक्लिओलस (पेशीच्या केंद्रकातला ठिपका) आणि पेशींच्या पुंजक्यांमधून एकमेकांना समांतर जाणारे तंतूंचे पट्टे. या पट्ट्यांना लॅमेला म्हणतात, त्यावरूनच नाव पडलं. अडचण अशी की बारीक सुईनं पेशी ओढल्या तर पट्टे दिसतच नाहीत. पेशी लिव्हरच्याच वाटतात आणि रिपोर्ट 'हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा', म्हणजे लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर, असा जातो, कधी तर 'कर्करोग दिसला नाही' असाही. म्हणून नमुना घ्यायचाच तर जाड सुईचा, कोअर बायोप्सीचा. आणि गाठ काढता येण्यासारखी असेल तर सुई घालायची की सरळ शस्त्रक्रिया करायची, हे सर्जनच्या टीमनं ठरवावं. घाईनं कुठंही सुई घालू नये, हे मामांना मिळालेलं उत्तर बरोबर होतं. हायडॅटिडची शंका असताना तर अजिबात नाही.

शंका आली की आम्ही सीके७ आणि सीडी६८ हे दोन रंग लावतो. फायब्रोलॅमेलरमध्ये दोन्ही एकत्र पॉझिटिव्ह येतात. साध्या हिपॅटोसेल्युलरमध्ये असा जोड सहसा दिसत नाही. त्यापुढची खात्री जनुकाच्या तपासणीनं होते.

ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तुमचा नमुना बसवलेला मेणाचा ठोकळा. मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासणी त्यावरूनच होते. तो तुमच्या पेशंटचा आहे, मागायला संकोच करू नका.

बालाघाट | सोमवार, सायंकाळी ६.१०

सेलूकर, तुमच्या लेकीला बरं वाटावं ही प्रार्थना. पण आमच्या भागात लिव्हरसाठी पिढ्यानपिढ्या औषध देणारे आहेत. माझ्या चुलत्याची कावीळ तीन पुड्यांत उतरली, हे डोळ्यांनी बघितलंय. मुंबईला नेऊन पोट फाडायच्या आधी एकदा तिकडं का दाखवलं नाही?

सेलूकर_मामा | सोमवार, रात्री ९.३०

बालाघाट, तुम्ही आपुलकीनं विचारताय, म्हणून मीही आपुलकीनंच सांगतो. बहिणीच्या सासूबाईंनीही हेच म्हटलं होतं आणि आठ दिवस एक काढा घरात चाललाही. सर्जननी पहिला प्रश्न तोच विचारला, "काढा, पुडी, भस्म काय काय चालू आहे?" आणि सगळं बंद करायला लावलं. साठ-पासष्ट टक्के लिव्हर ते काढणार होते. उरलेल्या तुकड्यावर लेकरू जगणार होतं आणि त्या तुकड्यानंच वाढून पुन्हा लिव्हर व्हायचं होतं. त्याला कशाचाही धक्का लागू द्यायचा नव्हता. तुमच्या चुलत्यांची कावीळ विषाणूची असेल, ती बहुतेकांची आपोआप उतरते. अकरा सेंमीची गाठ पुडीनं उतरत नाही. आमचे ते आठ दिवस वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. कुणाचा महिना जायला नको.

आता राहिलेलं लिहितो.

या आजारात पूर्ण बरं होण्याची खरी आशा शस्त्रक्रियेतच आहे, हे तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं. गाठ आणि तिच्या बाजूच्या लिम्फ नोड दोन्ही काढायच्या. लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये पेशंटचं लिव्हर सिरोसिसनं आधीच खराब असतं, म्हणून फार कापता येत नाही. इथं बाकीचं लिव्हर निरोगी असतं, हीच या लेकरांची जमेची बाजू. निरोगी लिव्हरचा साधारण तीस टक्के भाग उरला तरी चालतो. सीटीवरून मोजून आमच्या भाचीचा ३६ टक्के भाग उरेल असं काढलं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा भाग कमी भरत होता, तर त्याच्या उजव्या बाजूची पोर्टल शीर (लिव्हरकडं रक्त नेणारी) आधी बंद केली आणि डावा भाग वाढू द्यायला काही आठवडे थांबले. मला हे ऐकून नवल वाटलं. शेतकरी माणूस मी, एका पाटाचं पाणी बंद करून दुसऱ्या वाफ्याकडं वळवावं, तसंच वाटलं ते.

ऑपरेशन आठ तास चाललं. नऊ लिम्फ नोड काढल्या, दोनमध्ये आजार निघाला. म्हणजे भाचीनं रिपोर्टातली ती ओळ पकडली नसती, तर सहा महिने वाट बघत बसलो असतो.

ऑपरेशननंतर केमो नाही. बहिणीला हे पटेचना, "कॅन्सर आहे आणि औषधच देत नाहीत?" या आजारात शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या केमोनं फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन करून डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. हा आजार परत येतो, काही वर्षांनीही येतो. आला आणि काढता येण्यासारखा असला तर पुन्हा ऑपरेशन करतात. आमचे दोन स्कॅन स्वच्छ आले. तिसरा या शुक्रवारी आहे.

दुधना | मंगळवार, पहाटे १.५०

मी कधी इथं लिहीत नाही, फक्त वाचतो. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. वय २४. त्याच्या पोटात पसरल्यावर कळलं, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. चार महिन्यांपूर्वी तो विचित्र वागायला लागला. प्रश्न विचारला की उत्तर भलतंच, हात थरथर कापायचे, दिवसा झोप आणि रात्री बडबड. गावात लोक म्हणाले बाहेरचं आहे. एका दवाखान्यात कॅन्सरच्या धक्क्यानं डोक्यावर परिणाम झालाय म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी तो उठेचना. लिव्हरच्या तपासण्या बघून सगळे म्हणत, लिव्हर तर काम करतंय. शेवटी एका तरुण निवासी डॉक्टरनं अमोनिया तपासायला लावला. तो भयंकर वाढलेला होता.

फायब्रोलॅमेलरमध्ये लिव्हर फेल न होताही अमोनिया चढू शकतो, हे त्या दिवशी कळलं. जुलाबाचं ते गोड औषध, लॅक्टुलोज, एकट्यानं पुरलं नाही. अमोनिया बांधून बाहेर काढणारं सोडियम बेंझोएट दिलं, सोबत आर्जिनिन दिलं, प्रोटीन काही दिवस बंद ठेवलं, डायलिसिसही केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला नावानं हाक मारली.

कुणाच्या घरी हा पेशंट असेल आणि तो बरळायला लागला, तर त्याच तासाला अमोनिया तपासा म्हणून भांडा.

डॉ_सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ८.२०

दुधना, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. मी डॉक्टरांच्या गटातही हे पाठवतोय. लिव्हरमध्ये अमोनियाचा यूरिया करणारं एक चक्र असतं. त्या चक्राला लागणारा कच्चा माल ही गाठ स्वतःकडं ओढून घेते, असं मानलं जातं. म्हणून उपचारही जन्मजात यूरिया चक्राच्या आजारासारखे करावे लागतात. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत न्यावं लागतं. उशीर झाला तर आकडा खोटा वाढतो, हे नातेवाइकांनाही माहीत असावं.

पूर्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११.४०

दुधना भाऊ, तुमच्या भावाला आता कसं आहे? जेवतो का?

डॉक्टर, एक प्रश्न आहे, लाजत विचारते. आमच्या नात्यात एका मुलीला कॅन्सर झाला, तर तिच्या धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. "रक्तात आहे" म्हणाले. हा आजार घराण्यात येतो का?

डॉ_सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी ३.१५

ताई, लाजू नका, हा प्रश्न मला आठवड्याला येतो. उत्तर: फायब्रोलॅमेलरचा जनुकीय बदल जवळजवळ सगळ्या रुग्णांत फक्त गाठीच्या पेशींमध्ये असतो. आई-बापांकडून आलेला नसतो, भावा-बहिणींत नसतो. भावंडांचं लग्न त्यामुळं अडवण्याला काहीही आधार नाही. कुणी अडवलं तर माझी ही पोस्ट दाखवा.

हा बदल कसा सापडला तेही सांगतो, कारण ती गोष्ट इथल्या मुलींना आवडेल. एलाना सायमन या अमेरिकी मुलीला बाराव्या वर्षी हा आजार झाला. ऑपरेशन झालं, ती वाचली. पुढं शाळेत असतानाच तिनं वडिलांच्या, रॉकफेलर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत याच आजाराच्या गाठींवर काम सुरू केलं. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला, लेखकांत तिचं नाव होतं. तपासलेल्या पंधराच्या पंधरा गाठींत एकच दोष सापडला. १९ व्या गुणसूत्राचा सुमारे चार लाख अक्षरांचा तुकडा गळालेला आणि त्यामुळं डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए ही दोन लांबची जनुकं एकमेकांना चिकटलेली. दुसरं जनुक पेशीतल्या एका बटणासारख्या प्रथिनाचं आहे. पहिल्याचा पुढचा भाग त्याला जोडला गेला की ते बटण चालूच राहतं. आता आम्ही फिश किंवा आरटी-पीसीआर या जनुकाच्या तपासण्या करून हाच जोड शोधतो. (स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या काही वेगळ्या गाठींतही हा जोड पुढं सापडला, त्यामुळं नुसत्या जनुकाच्या कागदावर निदान करू नये. स्लाइड बघावीच लागते.)

दुधना | मंगळवार, रात्री १०.०५

पूर्णाकाठ ताई, जेवतो. डाळ मोजून देतो. वरण त्याला जीव की प्राण, वाटीवर खूण करून ठेवलीय.

डॉक्टर, या जोडावर औषध निघालं का?

डॉ_सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ७.४५

थेट त्या जोडाला बंद करणारी, सर्रास वापरात असलेली गोळी आज नाही. खोटी आशा देणार नाही. ऑपरेशन होत नसेल तेव्हा फ्लुरोयुरासिल हे केमोचं औषध आणि इंटरफेरॉन, कधी त्याला इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांची) जोड, कधी लेन्वॅटिनिबसारख्या गोळ्या असं करून बघतात. काहींची गाठ आटोक्यात राहते, काहींची नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये या जोडाच्याच प्रथिनाविरुद्ध लस बनवून ती दोन इम्युनोथेरपी औषधांबरोबर मोजक्या रुग्णांना दिली गेली आणि काहींच्या गाठी आकसल्या. सुरुवातीचं काम आहे, पण दिशा बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं. तुमच्या भावाच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा की गाठीचा ब्लॉक जपून ठेवलाय का. उद्या एखाद्या चाचणीत नाव घालायचं झालं तर तो लागेल. ऑपरेशन होत नाही असं एकाच ठिकाणी सांगितलं असेल, तर लिव्हरच्या दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या. या आजारात तो फरक फार मोठा असतो.

बालाघाट | बुधवार, दुपारी १.००

मी परवा जे लिहिलं ते मागं घेतो. माझ्या मेव्हणीच्या मुलीची सोनोग्राफी मागच्या महिन्यात झाली, लिव्हरवर ४ सेंमीची गाठ, वय १९. घरात पुडी चालू आहे. सगळं वाचून काल रात्री त्यांच्या घरी गेलो. मुंबईला जायला पैसा नाही म्हणतात. काय करू?

सेलूकर_मामा | बुधवार, दुपारी १.२५

बालाघाट, घाबरू नका. त्या वयात मुलींच्या लिव्हरवर निरुपद्रवी गाठीच जास्त निघतात. फक्त नीट बघून घ्या. आधी ट्रायफेसिक सीटी (कॉन्ट्रास्ट देऊन तीन टप्प्यांत काढलेला) किंवा एमआरआय, तेही लिव्हरचं काम नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडं. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, सुरुवात तिथून करता येते. सगळ्यांनाच मुंबई गाठावी लागत नाही. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला भेटा. आम्ही तिसऱ्या दिवशी भेटलो, तोवर तपासण्यांचे पैसे खिशातून गेले होते. मुंबईला जावंच लागलं तर दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटना तिथं मोठा आधार होतो. रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही, सीडी लागतेच. आणि रिपोर्टचं फक्त शेवटचं मत वाचू नका, मधल्या सगळ्या ओळी डॉक्टरांना वाचायला लावा.

नंबर निरोपातून पाठवतो. पैशाचं बघू, आधी लेकराला घेऊन निघा.

लातूरची_आई | बुधवार, रात्री ९.१०

थोरल्याला आज दाखवलं. डॉक्टरांनी पोट दाबून नीट तपासलं, वजन मागच्या वर्षीशी ताडून बघितलं, गाठ वगैरे काही नाही. मेस बदलली. मामा, भाचीला माझा आशीर्वाद सांगा.

दुधना | बुधवार, रात्री ११.३०

मामा, भावाची तारीखही शुक्रवारचीच आहे. त्याच्या वयाचं, याच आजाराचं कुणी त्याला आजवर भेटलेलं नाही. पाच मिनिटं भेट होईल का? भाचीची तयारी असेल तरच.

सेलूकर_मामा | गुरुवार, सायंकाळी ५.४०

तिला तुमची पोस्ट वाचून दाखवली. म्हणाली, "दादाला म्हणावं, मीच येते शोधत." आज देवगिरीनं निघतोय. उद्या सकाळी स्कॅनच्या रांगेत असू. तिच्या हातात निळी फाइल आणि बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक असेल.